गट आमचा, कुलूप तुमचं

सामाजिक कामासाठी माणसं जोडून देतो असं सांगणारी समाजमाध्यमं चालवणाऱ्या सर्वांस,

नमस्कार.

हेच पत्र मी तुमच्या मदत केंद्रात तीन वेळा पाठवलं आहे. तिथल्या चौकटीत 500 अक्षरंच मावतात, म्हणून तुकडे करून. दर वेळी पाठवल्यापाठवल्या 'तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' असं उत्तर आलं. इतक्या तत्परतेने, की मधल्या वेळात ते कुणी वाचलं असेल ही शक्यताच उरत नाही. म्हणून आता चारचौघांसमोर लिहिते आहे.

माझ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा जन्मजात आजार आहे. तो 14 वर्षांचा आहे. दर तीन आठवड्यांनी त्याला दोन पिशव्या रक्त चढवावं लागतं. इतकी वर्षं इतक्या जणांचं रक्त अंगात गेलं की शरीर कधीकधी त्या परक्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी तयार करायला लागतं. त्याचं तसं झालं. तेव्हापासून नुसता रक्तगट जुळून भागत नाही. आणखी दोन अँटिजेन, म्हणजे शरीर ज्यांवरून परकं रक्त ओळखतं त्या खुणा, ज्यांच्या पेशींवर नाहीत अशीच माणसं शोधावी लागतात. अशी 11 माणसं आज आमच्याकडे आहेत. ती शोधायला 4 वर्षं लागली.

ती सापडली तुमच्यामुळे. सहा वर्षांपूर्वी तुमच्यातल्याच एका माध्यमावर मी रक्तदात्यांचा गट सुरू केला. त्या माध्यमाचं नाव घेत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटल्यासारखे होतात, आणि मी जे सांगणार आहे ते कमी-अधिक फरकाने तुम्हा सगळ्यांना लागू आहे.

आज गटात 3,200 माणसं आहेत. आम्ही 9 जणी तो सांभाळतो. मागणी आली की आधी रुग्णालयाचा कागद मागायचा, रक्तपेढीला फोन करून खरंखोटं करायचं, मगच ती गटात टाकायची. दात्याने मागच्या खेपेला कधी रक्त दिलं ते पाहायचं, कारण दोन रक्तदानांमध्ये तीन-चार महिने जावे लागतात. प्लेटलेट हव्या असल्या तर घाई वेगळीच. लाल पेशी नीट थंडाव्यात ठेवल्या तर 42 दिवसांपर्यंत टिकतात. प्लेटलेट जेमतेम 5 ते 7 दिवस. साठा फार काळ धरता येत नाही, ज्या दिवशी हव्या त्या दिवशी माणूस समोर उभा लागतो. या सगळ्याला कार्यालय नाही, पगार नाही, शिक्का नाही. होती ती एकच जागा, तुमच्या पडद्यावरची.

आधी उपकार मानते, आणि ते तोंडदेखले नाहीत. 2008 च्या जानेवारीत कोलंबियात एका तरुणाने फार्क बंडखोरांच्या अपहरणांविरुद्ध फेसबुकवर गट काढला आणि 4 फेब्रुवारीला देशभर लाखो माणसं रस्त्यावर उतरली. पक्षाचं पाठबळ नसलेल्या माणसाला महिनाभरात एवढी माणसं एरवी कुठून मिळाली असती? 2014 मध्ये लोक डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घ्यायला लागले तेव्हा मी हसले होते. त्या खुळातून, एएलएस या मज्जातंतूंच्या आजारावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे आठ आठवड्यांत 11.5 कोटी डॉलर जमले, आणि त्या पैशांच्या मदतीने झालेल्या संशोधनातून 2016 मध्ये या आजाराशी संबंध असलेलं एनईके1 हे जनुक हाती लागलं. तेव्हापासून ऑनलाइन खुळांना हसायचं मी सोडलं आहे. त्यामुळे मी समाजमाध्यमांच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांपैकी आहे असं समजू नका. तुमच्या दारात येऊन बसलेल्यांपैकीच मी एक आहे, आणि दाराबद्दलच बोलायचं आहे.

एका मंगळवारी रात्री पावणेबाराला फोनवर गटाच्या जागी राखाडी पान आलं. 'या गटातील हालचाली आमच्या समुदाय नियमांना धरून नसल्याचे आढळले आहे.' कोणता नियम, कोणती पोस्ट, कुणाची तक्रार, काही नाही. खाली 'फेरविचाराची विनंती करा' असं निळं बटण. दाबलं. 'तुमची विनंती मिळाली.' एवढं होऊन बटण गायब. मदत केंद्रातल्या यंत्राशी बोलायला गेले तर त्याने मला नवा गट कसा सुरू करावा याची माहिती दिली आणि विचारलं, हे उत्तर उपयोगी पडलं का? अंगठा वर, अंगठा खाली. मी अंगठा खाली केला. त्याने माझे आभार मानले.

पहाटे चारला एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. मुलीवर ल्युकेमियाचे उपचार चालू होते, प्लेटलेट 9 हजारांवर उतरलेल्या. त्यांच्याकडे माझा नंबर होता म्हणून ते निदान माझ्यापर्यंत पोचले. त्या रात्री गटात मागणी टाकायला आलेले बाकीचे लोक ते राखाडी पान बघून कुठे गेले असतील, देव जाणे. आम्ही चौघींनी फोनमधले जुने कॉल वरखाली करायला घेतले. एकीला दात्याचं आडनाव आठवे पण रक्तगट आठवेना. दुसरीला रक्तगट पाठ, नंबर सापडेना. साडेदहाला दाता खुर्चीत बसला. एरवी माणूस शोधायला आम्हाला 40 मिनिटं लागतात.

हे 9 दिवस चाललं. सहाव्या दिवशी माझ्या मुलाची पाळी होती. त्या 11 जणांपैकी कुणाला बोलवायचं, कुणाचे तीन महिने भरले, कोण आजारातून उठलं आहे, हे सगळं गटातल्या नोंदींत. गट उघडल्यावर नोंद सापडली आणि रक्त 5 दिवस उशिरा चढलं. त्या दिवसांत तो जिना चढताना मधल्या टप्प्यावर बसायला लागला. बुटाची नाडी बांधतोय असं दाखवायचा. नाडी सुटलेली नसायची.

नवव्या दिवशी दुपारी गट आपसूक परत आला. कारण नाही, दिलगिरी नाही. सुदैवाने कुणी दगावलं नाही. दगावलं असतं तर तुमचा एखादा प्रवक्ता 'या घटनेचे आम्हाला दुःख आहे' असं म्हणाला असता आणि गट तासाभरात उघडला असता, असं मला आतून वाटतं. ते वाटणं फार वाईट आहे.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार हीच, की कुलूप लावताना तुम्ही कारण सांगत नाही आणि दार ठोठावलं तर आत माणूस नसतो. आमचा अंदाज असा, की एकाच साच्यातला मजकूर, त्यात फोन नंबर, 'तातडीने' हा शब्द आणि हे सगळं दिवसातून आठ-दहा वेळा, असं पाहून यंत्राला तो स्पॅम वाटला असणार. यंत्र चुकणारच. स्तनाच्या कर्करोगाची लक्षणं दाखवणारी ब्राझीलमधली एक पोस्ट 2020 च्या ऑक्टोबरात इन्स्टाग्रामच्या यंत्रणेने नग्नता म्हणून काढून टाकली होती. कंपनीच्याच देखरेख मंडळाने प्रकरण हातात घेतलं तेव्हा चूक कबूल झाली आणि पोस्ट परत आली. मंडळाने 2021 च्या जानेवारीत निकाल देताना, माणसाची नजर पुरेशी न पडता हे घडलं यावर नेमकं बोट ठेवलं. चांगलं झालं. पण मंडळापर्यंत किती प्रकरणं पोचतात? आमच्यासारख्या गटाचं नशीब असं, की तुमच्या लेखी आम्ही इतके लहान आहोत की आमच्यावर बातमी होत नाही, आणि नियम मोडण्याइतके मात्र मोठे आहोत.

दुसरी तक्रार यादीची. मी माझं खातं बंद करायला निघाले तर तुम्ही मला माझे फोटो, माझ्या पोस्ट, मी कोणकोणत्या जाहिरातींवर बोट टेकवलं हेसुद्धा डाउनलोड करू देता. पण सहा वर्षांत जोडलेल्या 3,200 माणसांपैकी एकाचाही संपर्क सोबत नेता येत नाही. सदस्यांची माहिती सदस्यांची आहे, माझी नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. ती सरसकट माझ्या हातात ठेवा असं मी म्हणतच नाही. ज्याने स्वतःहून 'माझा संपर्क या गटाकडे राहू दे' असं सांगितलं त्याचा तरी राहू दे, एवढंच. फेसबुकवरून संस्थेला देणगी देणाऱ्याला, आपला ईमेल संस्थेला कळवायचा का, असं विचारलं जातं. म्हणजे ही सोय करता येते. करायची की नाही एवढाच प्रश्न आहे.

आणि तुम्ही कायमचे असता तरी एक वेळ चाललं असतं. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं. गूगल प्लस 2 एप्रिल 2019 ला. याहू ग्रुप्स 15 डिसेंबर 2020 ला. फेकण्याऐवजी वस्तू फुकट देऊन टाकणाऱ्या फ्रीसायकलसारख्या चळवळीने याहू ग्रुप्सवरच बाळसं धरलं होतं. ज्यांना वेळेत कळलं आणि ज्यांच्याकडे संगणक जाणणारं कुणी होतं त्यांनी आपलं सामान हलवलं. बाकीच्यांचं गेलं. निव्वळ सामाजिक कामासाठी म्हणून काढलेल्या जाळ्यांची तर कथा आणखी छोटी. फेसबुकच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या क्रिस ह्यूज यांनी 2010 च्या नोव्हेंबरात जूमो नावाचं असं जाळं उघडलं; पुढच्या ऑगस्टमध्ये ते दुसऱ्या कंपनीत विलीन झालंसुद्धा. कंपन्या बुडतात, विकल्या जातात, मालकांचं मन बदलतं, हे मी समजू शकते. पण निघताना भाडेकरूला महिनाभर आधी सांगतात ना? आणि त्याचं सामान त्याला नेऊ देतात.

यालाच जोडून एक. सगळा गट माझ्या एका खात्यावर टांगलेला आहे. बाकीच्या आठ जणींना पोस्ट काढता-घालता येतात, पण मूळ मालक मी. माझं खातं उद्या कुणी चोरलं, किंवा मी गेले, तर? इजिप्तमध्ये पोलिसांच्या मारहाणीत मेलेल्या खालेद सईद या तरुणाच्या नावाने 2010 मध्ये जे पान फेसबुकवर सुरू झालं होतं, ते त्याच वर्षी नोव्हेंबरात एका दिवसात गायब झालं. चालवणाऱ्याने जिवाच्या भीतीने खोटं नाव वापरलं होतं आणि ते नियमात बसत नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी खऱ्या नावाने जबाबदारी घेतली तेव्हा पान परत आलं. दोन महिन्यांनी, तिथल्या राजवटीविरुद्धच्या 25 जानेवारी 2011 च्या निदर्शनांची हाक त्याच पानावरून गेली. लाखो लोक ज्या पानावर जमले होते ते एका खात्याच्या खुंटीला होतं. आमची खुंटी तीच, फक्त आमच्यावर जगाचं लक्ष नाही.

तिसरी तक्रार पोचण्याची. गटात 3,200 माणसं असताना एखादी मागणी 300 जणांनाच दिसली असं तुमचाच आकडा सांगतो, आणि त्याच्या शेजारी 'पोस्टची पोच वाढवा' असं बटण असतं. ते दाबलं की कार्डाचा नंबर विचारतात. एकदा भरले पैसे. जाहिरात मंजूर व्हायला इतका वेळ गेला की तोवर रुग्णाला रक्त मिळूनही गेलं होतं. मग ती जाहिरात तीन दिवस फिरत राहिली आणि गरज संपलेल्या त्या रुग्णासाठी आम्ही फोन घेत राहिलो.

काय दाखवायचं ते ठरवायचा हक्क तुमचा आहे, मान्य. पण ठरवता ते रातोरात, आणि आम्हाला कळतं ते सगळ्यात शेवटी. 2024 च्या फेब्रुवारीत फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक असलेल्या मेटाने जाहीर केलं की अनोळखी खात्यांचा राजकीय मजकूर आपण होऊन सुचवणार नाही, आणि त्या 'राजकीय'मध्ये निवडणुका-कायद्यांबरोबर 'सामाजिक विषय'ही घातले. सामाजिक विषय म्हणजे नेमके कोणते? दुर्मिळ रक्तगट? अवयवदान? पुढच्या जानेवारीत धोरण पुन्हा उलटं फिरलं. मधल्या काळात किती हाका कुणाच्या कानी पडल्याच नाहीत ते मोजायची सोय आमच्याकडे नाही. ट्विटरने 2 फेब्रुवारी 2023 ला एपीआय, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामना ट्वीट वाचू देणारी सोय, मोफत देणं बंद करणार म्हणून सांगितलं आणि 6 तारखेला तुर्कस्तान-सीरियात भूकंप झाला. ढिगाऱ्याखालून मदत मागणाऱ्यांच्या ट्वीटमधले पत्ते गोळा करून नकाशावर मांडणारे स्वयंसेवक प्रोग्रामर याच सोयीवर विसंबून होते. तारखा जुळल्या हा योगायोग. पण असा निर्णय घेताना 'याच्यावर कुणाचा जीव अवलंबून आहे का' असा प्रश्न तुमच्या बैठकीत विचारला जातो का, हे मला खरोखर जाणून घ्यायचं आहे.

चौथी गोष्ट तुम्हाला कदाचित तक्रार वाटणारही नाही. आमच्या गटातल्या एका मुलाच्या वडिलांनी चार वर्षांपूर्वी त्याचा फोटो आणि आपला नंबर टाकून मदत मागितली होती. मुलगा बरा होऊन शाळेत जायला लागला. पोस्ट मात्र अजून फिरते आहे. त्यावर तारीख बारीक अक्षरात, तिचा स्क्रीनशॉट निघाला की तीही नाही. कुणीतरी खाली हात जोडतं, त्यामुळे ती पुन्हा वर येते, पुन्हा कुणी हात जोडतं. वडिलांना आजही महिन्यातून दोन-चार फोन येतात. ते दर वेळी शांतपणे सांगतात, मुलगा बरा आहे, तुमचे आभार. मी म्हटलं, नंबर बदला. म्हणाले, ज्यांनी तेव्हा रक्त दिलं त्यांच्याकडे हाच नंबर आहे. दुसऱ्या एका आईलाही असेच फोन येतात. तिचं मूल बरं झालं नाही. त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

तुमचं यंत्र पोस्टचं मोल तिच्याखालच्या गर्दीवरून ठरवतं. मदतीच्या हाकेचं मोल तसं ठरत नाही. जिला दाता मिळाला ती हाक लगेच शांत व्हायला हवी. तुमच्याकडे नेमकी तीच सगळ्यात जास्त गाजते.

गर्दीवरून आठवलं. 2007 च्या सुमारास फेसबुकवर कॉजेस नावाचं ॲप्लिकेशन होतं. त्यात सुदानमधल्या युद्धग्रस्त दारफूरसाठी उघडलेल्या एका गटात दहा लाखांवर माणसं जमली. पुढे समाजशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की त्यातल्या 99.76 टक्के लोकांनी एक पैसाही दिला नव्हता, आणि जवळपास 72 टक्क्यांनी दुसऱ्या एकालाही गटात आणलं नव्हतं. हा आकडा दाखवून 'ऑनलाइन कार्यकर्ते म्हणजे नुसते अंगठेबहाद्दर' असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. माझ्या मुलाचा सातवा दाता ज्या बाईंमुळे मिळाला त्यांनी स्वतः कधी रक्त दिलेलं नाही. त्यांना हिमोग्लोबिनमुळे देताच येत नाही. त्यांनी एक पोस्ट पुढे पाठवली, बस. पण तुम्ही मला पडद्यावर दाखवता ते किती जणांनी बदाम दिले ते. कुणी पुढे पाठवल्यामुळे कोण आलं, किती जण 'येतो' म्हणाले, त्यातले किती खरंच आले, हे मोजायला तुम्ही एकही साधन दिलेलं नाही. आम्ही पिशव्या मोजतो. तुम्ही बदाम मोजता आणि त्या आकड्यालाच 'परिणाम' म्हणता.

पैशांबद्दल थोडंच, कारण आम्ही पैसे गोळा करत नाही. चेंज डॉट ऑर्ग या ऑनलाइन याचिकांच्या संकेतस्थळावर सही केल्यावर जे पैसे मागितले जातात ते त्या याचिकेची जाहिरात करण्यासाठी असतात, पीडितांना मिळत नाहीत. 2020 मध्ये अमेरिकेत पोलिसांच्या हातून मारले गेलेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्यासाठीच्या याचिकेवर कोट्यवधी सह्या झाल्या तेव्हा पैसे दिलेल्या अनेकांना हे मागाहून कळलं आणि बराच गहजब झाला. लिहिलेलं असतं, पण सही करताना ज्याचा ऊर भरून आलाय तो बारीक अक्षरं वाचत नाही, हे तुम्हाला आमच्याहून चांगलं ठाऊक आहे.

आता आमच्या चुका. पहिली दोन वर्षं आम्ही दात्यांचे नंबर उघड टाकायचो. घाईत सोपं पडायचं. ते नंबर रक्ताचे पैसे घेणाऱ्या दलालांनी उचलले. एका तरुण मुलीला रात्री-अपरात्री अनोळखी पुरुषांचे फोन यायला लागले. ती गट सोडून गेली आणि जाताना आम्हाला जे बोलली ते आम्ही विसरलेलो नाही. त्यामुळे नंबर उघड टाकू नका या तुमच्या नियमाला माझा विरोध नाही, उलट तो आधी कडक असता तर बरं झालं असतं. तपासल्याशिवाय आम्ही तीन खोट्या मागण्याही चालवल्या आहेत. पण नियम करायचा आणि तो पाळून काम कसं करायचं याची वाट ठेवायची नाही, याला काय म्हणावं?

माझ्या मागण्या अशा:

1. सामाजिक कामाचा गट किंवा पान बंद करण्याआधी कोणती पोस्ट आणि कोणता नियम, हे लेखी सांगा. जिवाला धोका असल्याशिवाय आधी 72 तासांची सूचना द्या.

2. फेरविचार माणसाने करावा, आणि ज्या गटांचं काम तातडीचं आहे त्यांच्यासाठी 24 तासांत. निर्णय आमच्याविरुद्ध गेला तरी चालेल, पण कुणीतरी वाचून घेतलेला असू द्या.

3. गट तपासणीत असताना तो पुसल्यासारखा नाहीसा करू नका. नवं काही टाकता येऊ नये, हवं तर. जुन्या नोंदी चालकांना वाचता आल्या पाहिजेत. आमच्या 9 दिवसांत एवढं असतं तरी पुरलं असतं.

4. ज्या सदस्याने संमती दिली त्याचा संपर्क गटाला उतरवून घेता यावा. सेवा बंद करायची असेल तर किमान सहा महिने आधी कळवा.

5. गटाची मालकी तिघांच्या नावावर ठेवण्याची सोय करा.

6. मदतीच्या पोस्टला मुदत घालता यावी. मुदत संपली किंवा 'गरज भागली' अशी खूण केली की तिचं फिरणं थांबावं, आणि पुढे पाठवलेल्या प्रतींवरही ते दिसावं.

7. दाता आणि रुग्णाचे नातेवाईक यांना नंबर न दाखवता बोलता येईल अशी सोय द्या. फेसबुकने 2017 मध्ये रक्तदात्यांची नोंदणी सुरू केली होती, म्हणजे विषय तुम्हाला नवा नाही.

8. पैसे मागाल तिथे ते कुणाच्या खिशात जाणार हे बटणावरच लिहा.

यातलं काहीही आकाशातून आणायचं नाही. कारवाईचे आकडे जाहीर करा, कारवाई केली तर कळवा, दाद मागायला जागा द्या, एवढं सांगणारी सांता क्लारा तत्त्वं 2018 पासून तुमच्या टेबलावर आहेत आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्यांना जाहीर पाठिंबाही दिला आहे. युरोपीय संघाचा डिजिटल सेवा कायदा 17 फेब्रुवारी 2024 पासून पूर्णपणे लागू झाला. मजकूर काढला तर कारण द्यावं लागतं आणि तक्रारीचा निकाल नुसत्या यंत्रावर सोडता येत नाही, असं तो सांगतो. म्हणजे जिथे दंडाची भीती आहे तिथे तुम्हाला हे जमतं. बाकीच्या जगातल्या माणसांना तेच उत्तर द्यायला वेगळा कायदा कशाला लागावा?

आम्ही गट सोडून जाणार नाही. जायला दुसरी जागाच नाही, आणि हे तुम्हालाही माहीत आहे. पण एक वही केली आहे. दर रविवारी आमच्यातली एक जण गटातल्या नव्या नोंदी त्यात हाताने उतरवते: नाव, रक्तगट, शेवटची तारीख, आणि माझ्या मुलासाठीच्या 11 जणांपुढे लाल पेनने खूण. दात्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तरच. आतापर्यंत 640 नावं झाली. जाड पुठ्ठ्याची आहे, भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतो.

उत्तर द्यायचं झालं तर गटातच द्या, सगळ्यांना वाचता येईल. सकाळी पाहिलं तेव्हा उघडा होता.

आपली,
रक्तदाता गटाची एक स्वयंसेविका